आधी कुणाकडे जाल?

मी पास झाले, हे आधीच सांगून टाकते. नाहीतर वाचणारा शेवटपर्यंत निकालाचीच वाट बघत बसायचा आणि बघायचं ते राहून जायचं. आमच्या घरात नेमकं तेच झालं.

केरळात, पाला गावाच्या बाजूला, रबराच्या टेकड्यांवर, नर्स सून म्हणजे गोठ्यातली गाभण गाय. विईपर्यंत तिला कुणी दुखवत नाही. दुभत्या गाईच्या लाथा गोड म्हणतात, पण मी अजून दुभती कुठे झाले होते? सोजनच्या घरचे मला बघायला आले तेव्हा स्वयंपाक येतो का, असं कुणी विचारलं नाही. पासपोर्ट आहे का, ते विचारलं. होता. लग्न ठरलं. तेव्हापासून मी या घरात सून कमी आणि व्हिसा जास्त.

सोजन, माझा नवरा, कुवेतची कंपनी बंद पडल्यावर परत आला आणि ओसरीवरच्या खुर्चीत बसला तो बसलाच. बेत असा होता, की मी इंग्लंडची परीक्षा पास व्हायचं, तिकडच्या हॉस्पिटलात लागायचं, आणि मागाहून त्याने यायचं. तिकडे बर्फात गाडी कशी चालवतात याचे व्हिडिओ तो ओसरीवर घाम पुसत बघायचा. वाईट माणूस नाही. वाईट असता तर बरं होतं, निदान कडाकडा भांडता तरी आलं असतं.

पहिल्या खेपेला मी नापास झाले. बाकी सगळं निघालं होतं, बुडाले ती एकाच विषयात: अचानक बिघडलेला रुग्ण, तातडीची शुश्रूषा. माझी सगळी नोकरी बाळंतिणींच्या वॉर्डात गेलेली. तिथे काही अडचण आली की नर्सने एकच करायचं असतं, डॉक्टरला फोन. मग डॉक्टर येईस्तोवर हात बांधून उभं राहायचं आणि आल्यावर तो ओरडेल ते ऐकून घ्यायचं. मी परीक्षेतही तेच केलं. प्रश्न कुठलाही असो, ‘डॉक्टरला कळवीन’ असं उत्तर दिसलं की तिथे टिचकी.

क्लासचे बेबी सर, पन्नाशीचे, जाड मिशांचे, माझे गुण बघून पोट धरून हसले होते.

“रिन्सी, तुमच्या हॉस्पिटलात नर्सला हात असतात, पाय असतात, डोकं नसतं. ते डॉक्टरच्या खोलीत काढून ठेवायचं असतं. परीक्षेतल्या हॉस्पिटलात नर्सला डोकं असतं. तिथे आधी बघायचं, मग करायचं, मग कळवायचं.”

“असं हॉस्पिटल आहे कुठे, सर?”

“पुस्तकात. पण पगार तिथेच मिळतो.”

त्या पुस्तकातल्या हॉस्पिटलात प्रत्येक प्रश्नाला चार रुग्ण असायचे, चौघेही एकाच वेळी आजारी, आणि नर्स एकटी. शेवटी ठरलेलं वाक्य: आधी कुणाकडे जाल?

नापास झाल्याचं कळलं त्या दिवशी अम्मच्चींनी, म्हणजे माझ्या सासूबाई पेण्णम्मा यांनी, मी पास होणारच या आनंदात सकाळीच बदक कापून ठेवलं होतं. कापून झालंच होतं, म्हणून खाल्लं. जेवताना त्या एवढंच म्हणाल्या, “हे बदक पास झालं असतं.”

तशी बाई होती ती. मारायची नाही, बोलायची. आणि बोललेलं आठवडाभर पुरायचं.

दुसऱ्या खेपेला त्यांनी सूत्रं हाती घेतली. आमच्या लहानग्या अ‍ॅनला माझ्या आईकडे धाडलं, कारण लेकरू दिसलं की आईचं लक्ष उडतं. कुत्रं शेजारच्या शोशाम्मा चेच्चीकडे, म्हणजे शोशाम्माताईकडे बांधलं. संध्याकाळची मालिका त्या आवाज बंद करून बघू लागल्या. नट्या तोंडं हलवायच्या आणि अम्मच्ची त्यांना स्वतःच्या मनाने संवाद पुरवायच्या, तेही पुटपुटत. मंगळवारी संत अंतोनीला मेणबत्ती. रविवारी चर्चमध्ये अच्चननी, म्हणजे आमच्या पाद्रींनी, सगळ्या गावादेखत प्रार्थना केली, “गेल्या वेळी थोडक्यात राहिलेल्या आपल्या रिन्सीसाठी.” थोडक्यात! माझ्या पुढच्या बाकावरची बाई मागे वळून माझ्याकडे अशी बघत राहिली, जसं काही मीच प्रेत आहे.

आणि कडी. सराव परीक्षा असली की अम्मच्ची माझा फोन काढून घेऊन आपल्या नाइटीच्या खिशात टाकायच्या आणि माझ्या खोलीला बाहेरून कडी घालायच्या.

“खऱ्या परीक्षेतून मधेच चहाला उठता येतं का? नाही ना? मग बस.”

“आणि लघवीला लागलं तर?”

“तिकडे गेल्यावर कर. तिकडे स्वच्छ असतं म्हणतात.”

वेळ संपली की कडी निघायची, दारात अम्मच्ची उभ्या असायच्या, आणि पहिला शब्द: “किती?”

बेबी सरांचं एक सांगणं होतं. आपल्याला आलंय की नाही हे बघायचं असेल, तर ज्याला त्यातलं काही कळत नाही अशा माणसाला ते आपल्या भाषेत समजावून सांगा. सोजनला सांगायला गेले तर तो जांभया देतो. मग उरल्या अम्मच्ची. दुपारी त्या मागच्या पायरीवर कप्प्याचे, म्हणजे टॅपिओकाचे, कंद सोलत बसायच्या, मी पुस्तक घेऊन शेजारी. चौथी शिकलेली बाई, पण ऐकायची कान टवकारून.

“समजा बस दरीत गेली,” मी म्हणायचे. “एकदम पन्नास माणसं आली आणि आपले हात दोनच. मग प्रत्येकाच्या मनगटाला रंगीत पट्टी बांधायची. जो चालतोय तो हिरवा, त्याने थांबायचं. ज्याचं हाड मोडलंय पण धीर धरू शकेल, तो पिवळा. ज्याला आत्ता हात लावला नाही तर जाईल, तो लाल. त्याच्याकडे आधी.”

“आणि हे काळं काय?”

“मान सरळ करून बघायची. तरी श्वास येत नसेल तर काळी पट्टी. त्याला ओलांडून पुढे जायचं.”

“ओलांडून?” त्यांची सुरी थांबली. “तोंडात पाणीसुद्धा घालायचं नाही?”

“तेवढ्या वेळात लाल पट्टीवाला जातो, अम्मच्ची.”

“ही परीक्षा काढणाऱ्याला आई नसणार,” त्या म्हणाल्या आणि कंद असा काही सोलला की अर्धा सालीबरोबर गेला.

पण रंग त्यांना आवडले. घरभर ते रंग झाले. गाईचं आचळ सुजलं, ती पिवळी. कुकर शिट्टीवर आला की त्या स्वयंपाकघराकडे धावत ओरडायच्या, “लाल, लाल!” सोजन कंबर धरून कण्हत आला की त्या वरही न बघता म्हणायच्या, “हिरवा. चालतोय, बोलतोय, खातोय. बस तिकडे.” तो बिचारा माझ्याकडे बघायचा, हा काय प्रकार म्हणून. आम्ही दोघी हसायचो. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण सासू आणि मी एका गोष्टीला मिळून हसलो ते तेव्हा. हे मला आज गोड वाटत नाही, राग येतो. काही माणसं तुमची व्हायला इतका उशीर लावतात, की ते झालं न झालं सारखंच.

एका दुपारी हृदयविकाराचा धडा होता.

“सिनेमात छाती धरून कोसळतात ते पुरुष,” मी सांगितलं. “बायकांना, त्यातून साखरेचा आजार असलेल्या म्हाताऱ्या बायकांना, छातीत कळ येईलच असं नाही. जबडा दुखतो. पाठीत भरतं. मळमळतं, गार घाम सुटतो, चार पावलं चाललं तरी दम लागतो. आणि घरातले म्हणतात...”

“गॅस!” अम्मच्ची खुशीत म्हणाल्या. “आमची थोरली वहिनी गॅसनेच गेली.”

“ती गॅसने नाही गेली, अम्मच्ची. आपल्याकडे मरणाऱ्या प्रत्येकाला आधी गॅस झालेला असतो. आल्याचा रस पाजत बसतात आणि वेळ निघून जाते.”

त्यांनी सालींचा ढीग बाजूला सारला. मग म्हणाल्या, “म्हणजे बायकांचं दुखणंही बायकांसारखंच. सरळ तोंडाने सांगत नाही.”

दुसऱ्या दिवशी त्यांनी ते मला उलट म्हणून दाखवलं: जबडा, पाठ, घाम, दम. एक शब्द इकडचा तिकडे नाही. माझ्या क्लासमधल्या शिकलेल्या पोरी हे विसरत होत्या.

परीक्षा शुक्रवारी होती, कोच्चीला. त्या आठवड्याच्या सुरुवातीला कप्पा सोलता सोलता अम्मच्चींनी मला एक प्रश्न घातला. स्वतः तयार केलेला.

“एक म्हातारी आहे, साठी-सत्तरी उलटलेली, सगळं बघून झालेली. आणि एक तरुण बाई आहे, जिच्यावर सगळं घर अवलंबून आहे. दोघी एकदम आल्या. आधी कुणाकडे जाशील?”

“वय विचारत नाहीत, अम्मच्ची. घर कुणावर आहे तेही विचारत नाहीत. ज्या बाईची अवस्था वाईट, तिच्याकडे आधी.”

“म्हातारी असली तरी?”

“म्हातारी असली तरी.”

“आणि ती म्हणाली, मला नको, हिच्याकडे जा?”

“ते ठरवणारी ती कोण? ठरवणारी मी. पट्टी नर्स बांधते, रुग्ण स्वतः बांधून घेत नाही.”

“बरोबर,” त्या म्हणाल्या. बेबी सरांसारखं म्हणाल्या. मला त्या वेळी हसू आलं होतं.

त्यानंतर त्या माझ्याजवळ आल्याच नाहीत. “आता शिकवणं बास. डोकं तापलं तर परीक्षेत वितळेल.” जेवण सोजन आणून द्यायचा. अम्मच्ची कुठे आहेत विचारलं तर म्हणायचा, चर्चला गेली, पडली आहे जरा, दात दुखतोय तिचा. मी अंघोळीला बाहेर पडले की त्या पाठमोऱ्या दिसायच्या, चुलीकडे तोंड करून. नर्स असून कसं दिसलं नाही, असं मला पुढे शंभर जणांनी विचारलं. दिसतं ते दाखवलेलं. घरातली दोन माणसं जर नर्सपासून दुखणं लपवायचं ठरवून बसली, तर तिला काय दिव्यदृष्टी असते?

बुधवारी शेवटची सराव परीक्षा. सकाळची कोरी कॉफी सोजनने आणली. अम्मच्चींसाठी फोन मागायलाही तोच आला.

“अम्मच्ची?”

“ती म्हणतेय तू बस. कडी घालतो मी.”

कडी पडली. मी बसले. त्या परीक्षेत पुस्तकातल्या हॉस्पिटलात काय काय झालं ते मला अजून आठवतं. एकाला मधमाशी चावली आणि त्याचा घसा सुजत आला, एकाची मांडी करवतीने कापली, एकीला दमा चढला. मी सगळ्यांकडे बरोबर क्रमाने गेले. एकही मेला नाही. मधे अंगणात जीप आल्याचा आवाज झाला, माणसांचा गलबला झाला. मला वाटलं, रबराच्या शीट न्यायला व्यापारी आला. अभ्यासाच्या वेळी हा मेला कशाला आला, असं मनात म्हणून मी पुढच्या रुग्णाकडे वळले.

वेळ संपली. गुण चांगले होते, आजवरचे सगळ्यात चांगले. ‘किती?’ विचारत दार उघडेल म्हणून मी उभी राहिले. दार उघडलं नाही. हाक मारली. टकटक केलं. मग थापा, मग लाथा. खिडकीला गज. घरात एवढी शांतता कधीच नसते. आवाज बंद केलेली मालिकासुद्धा पुटपुटते. मी गज धरून “सोजन, अम्मच्ची” ओरडत राहिले. घसा बसला. खाली गाय हंबरत होती, तिला कुणी पाणी दाखवलेलं नव्हतं.

गाईचं ऐकून शोशाम्मा चेच्ची आली. माझं नाही, गाईचं. खिडकीत मला बघून तिने तोंडावर हात ठेवला.

“अगं, तू इथे? तू पण जीपमधून गेलीस असं वाटलं मला!”

“कोण गेलं? कुठे?”

“पेण्णम्मा चेच्चीला नेलं की हॉस्पिटलला. पांढरी फटक पडली होती. मी सोजनला म्हटलं, बायको नर्स आहे ना, ती कुठाय? तो म्हणाला, परीक्षेत आहे.”

परीक्षेत आहे. म्हणजे वीस पावलांवर, एका दाराआड, अशा वेळी आधी चावायला द्यायच्या ऍस्पिरिनच्या गोळ्या ज्या पेटीत आहेत त्या पेटीवर कोपर टेकून.

चेच्चीने येऊन कडी काढली आणि मी कुणाच्या तरी स्कूटरवर मागे बसून गेले. सोजन कॅज्युअल्टीच्या बाहेर बाकावर होता. माझ्याकडे बघून उठला नाही. आत त्यांना पांढऱ्या चादरीत गुंडाळून झालं होतं. तरण्या डॉक्टरने सांगितलं, आणलं तेव्हाच काही उरलं नव्हतं. “सुरू कधी झालं?” त्याने विचारलं. सोजन म्हणाला, “जबडा दोन-तीन दिवस दुखत होता. आज सकाळी घाम. आम्हाला वाटलं गॅस आहे. आल्याचा रस दिला.” डॉक्टरने माझ्याकडे बघितलं. मी कोण ते त्याला कुणी सांगितलं नव्हतं, देवाची कृपा.

नर्सने त्यांच्या वस्तूंची पिशवी आणून माझ्या हातात दिली. कानातलं, जपमाळ, आणि माझा फोन. तो शेवटपर्यंत त्यांच्या नाइटीच्या खिशात होता.

आमच्याकडे बाहेरदेशी असलेली मुलं येईपर्यंत मयताला शवागारात ठेवतात. सोजनची बहीण लवली इटलीत म्हाताऱ्यांची सेवा करते. तिला शनिवारच्या आत पोचणं होईना. मग रविवारी माती. हे सगळं हॉस्पिटलच्या व्हरांड्यात ठरलं. अम्मच्चींचे धाकटे भाऊ पाप्पच्चन सगळ्यांचे मुख्य. त्यांनी घसा साफ केला.

“आता रिन्सीच्या परीक्षेचं काय?”

मी म्हटलं, “कसली परीक्षा?”

“हे बघ मोळे, पोरी, रडू नकोस. पेण्णम्मा फ्रीजरमध्ये आहे. ती कुठे जात नाही. परीक्षा जाते.”

कुणीच हसलं नाही, कारण ते विनोद करत नव्हते. अच्चन आले होते, त्यांनीही मान डोलावली. अम्मच्चींची इच्छा तीच होती, म्हणाले. फोनवर लवली हुंदके देत म्हणाली, “चेच्ची, तुम्ही जा परीक्षेला, अम्मच्चीसाठी जा.” व्हरांड्यात वीस-पंचवीस माणसं होती आणि प्रत्येकाच्या डोळ्यांत पाणी होतं. त्यांच्यातल्या एकाने तरी म्हणायला हवं होतं की या बाईला दोन दिवस रडू द्या. एकाने. मी सगळ्यांच्या तोंडाकडे पाहिलं. मग सोजनकडे पाहिलं. तो जमिनीकडे बघत म्हणाला, “गाडी मी सांगून ठेवली आहे.”

गेले मी. न जाऊन करते काय? घरी बसले असते तर त्या खोलीत बसावं लागलं असतं.

तसला प्रश्न आला होता का, असं लोक विचारतात. आला. न येऊन जातो कुठे. चार जण होते: पाय मोडलेला एक मुलगा, ताप आलेली एक बाई, हात भाजलेला एक माणूस, आणि जबडा दुखतोय, मळमळतंय असं म्हणणारी, साखर असलेली, घामाघूम झालेली एक म्हातारी. आधी कुणाकडे जाल? मी शांतपणे ओळीवर बोट ठेवून वाचलं आणि बरोबर उत्तर दिलं: म्हातारीकडे. चांगली नर्स आहे मी. निकाल आला तेव्हा सोजनने बदक आणलं. सगळ्यांनी अम्मच्चींचा आशीर्वाद म्हणून खाल्लं. पुढच्या महिन्यात मी निघते, तो मागून येईल.

पण सांगायचं आहे ते परीक्षेहून परत येतानाचं. कोच्ची सोडून गाडी लागली रस्त्याला. सोजन पुढे चालवणाऱ्याशेजारी बसला होता. बऱ्याच वेळाने मागे न वळताच त्याने विचारलं, “पेपर कसा गेला?”

“बरा.”

“मग आता सांगतो.” पेपर संपेपर्यंत त्याने तोंडाला कुलूप लावलं होतं, तेही आईच्याच हुकमाने. “सकाळी कॉफीच्या वेळेलाच तिला घाम फुटला होता. मी म्हटलं, रिन्सीला बोलावतो. तिने माझं मनगट धरलं. काय पकड होती! म्हणाली, तिला बोलावलंस तर माझ्या शवपेटीला हात लावायचा नाहीस. आधी बस म्हण तिला, कडी घाल, मग माझ्याजवळ ये.”

“आणि तू घातलीस.”

“तिच्यापुढे माझं कधी चाललंय?” तो रडायला लागला. “मग काहीतरी बरळत होती. म्हणाली, मला काळी पट्टी आहे. मला ओलांडून पुढे जायचं असतं. रिन्सीला सांग, ती समजेल. काय होतं ते? कसली पट्टी?”

मी खिडकीबाहेर बघितलं. सांगितलं नाही. आजही सांगितलेलं नाही. काय सांगायचं? तुझी आई बरळत नव्हती, सोजन, ती धडा म्हणत होती. त्या घरात दुखणं ओळखणाऱ्या दोनच बायका होत्या. एकीला कोंडून घातलं, आणि दुसरीने ते ओळखून गिळून टाकलं. जबडा, पाठ, घाम, दम. तिला सगळं पाठ होतं. आणि काळी पट्टी कुणाला बांधतात तेही पाठ होतं. मी तिला सांगितलं होतं ना, म्हातारी असली तरी? सांगितलं होतं ना, रुग्णाने स्वतः बांधून घ्यायची नसते? ‘बरोबर’ म्हणाली होती. येत असलेलं उत्तर मुद्दाम चुकवणाऱ्या विद्यार्थ्याचं मास्तरणीने काय करावं? लोक त्याला त्याग म्हणतात. प्रवचनात अच्चननीही तसंच म्हटलं. मला तो माझ्यावर लादलेला बोजा वाटतो. इंग्लंडला मी विमानात बसेन तेव्हाही तो माझ्या बॅगेत असेल, आणि तो वजनकाट्यावर दिसणार नाही.

रविवारी चर्च भरलं होतं. अम्मच्ची फुलांच्या मुकुटात, पांढऱ्या हातमोज्यांत, कधी नव्हे त्या गप्प. शेवटी घरच्यांनी एकेक करून कपाळाचं चुंबन घ्यायचं असतं, मग चेहऱ्यावर रुमाल टाकतात आणि झाकण लावतात. सोजनने घेतलं, लवलीने घेतलं आणि ती पेटीवरच कोसळली. तिला धरून बाजूला नेलं. मग माझी पाळी. व्हिडिओवाला खुर्चीवर चढला होता, कारण इटली, कुवेत, कॅनडा सगळीकडे लोक फोनवर बघत होते.

मी वाकले. कपाळ शवागारातल्यासारखंच गार होतं. ओठ टेकवले आणि तशीच त्यांच्या कानाशी गेले. लोकांना वाटलं, सून रडतेय. मागून कुणीतरी हुंदका दिला.

“चुकलं तुमचं, अम्मच्ची,” मी म्हटलं. “श्वास चालू होता. श्वास चालू असला की काळी नसते. लाल होती तुमची. लाल! मी आधी तुमच्याकडे आले असते.”

“चेच्ची,” वरून व्हिडिओवाला हळूच म्हणाला, “जरा बाजूला व्हाल का? चेहरा झाकला जातोय.”